आतला खिसा

“ब्लाउजला आतनं खिसा कशाला गं लावतीस?”

आत्याबाई स्टोव्हपाशी भाकरी थापत होत्या. मी खिडकीखाली मांडी घालून हातशिलाई करत होते. मशीन गावी राहिलं होतं.

“पैसे ठेवायला,” मी म्हणाले. “पुण्यात पाकीटमार लई.”

“पाकीटमारानं मारावं एवढं हाय व्हय आपल्याकडं?” असं म्हणून त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

हणमंत कॉटवर भिंतीकडं तोंड करून झोपले होते. म्हणजे झोपले नव्हते. त्यांचे कान लाल झाले होते, तेवढे मला मागून दिसत होते.

बोलताना मी नवऱ्याचं नाव अजून घेत नाही. लिहिताना घेतलं तर चालतं, असं माझं मीच ठरवलंय.

तो खिसा पैशांचा नव्हता. त्यात एक प्लॅस्टिकची डबी बसायला हवी होती, झाकणाची, आवळ्याएवढी. मी गावात ब्लाउजं शिवायचे, त्यामुळं कुणाला न कळेल असा खिसा कुठं बसतो ते मला ठाऊक होतं. डाव्या बाजूला, काखेपासून चार बोटं आत. अस्तराला अस्तर जोडायचं. वरून बघणाऱ्याला घडीसुद्धा दिसत नाही.

त्याच्या तीन आठवडे आधी हणमंतांचं ऑपरेशन झालं होतं. ते वीज मंडळात वायरमन. वादळात खांबावर चढणारा माणूस, पण दुखणं मला सांगायला त्यांनी चार महिने लावले. तेही अंधार करून सांगितलं. उजवीकडं गाठ आहे, म्हणाले. कशाच्या उजवीकडं, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी ‘वृषण’ असा शब्द वापरला. मी सातवी शिकलेली. मिळेल ते वाचायचे, भेळेचा कागदसुद्धा सोडत नव्हते, पण हा शब्द मला कुठं भेटला नव्हता. एक वृषण काढून टाकलं. रिपोर्ट आला. कॅन्सर.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आम्ही हार्निया सांगितलं. टाके हार्नियाच्याच जागी होते, त्यामुळं खोटं सहज पचलं. त्या भाकरी-कालवण करायला म्हणून गावाहून आल्या. धाकटे दीर सर्जेराव शेत बघायला मागं राहिले. हडपसरला हणमंतांच्या मावसभावाची एक खोली होती. तो बायकापोरं घेऊन मे महिन्याच्या सुट्टीला गावी गेला होता आणि किल्ली आम्हाला देऊन गेला होता. खोली एक, मोरी एक, समोर सगळ्यांची मिळून गॅलरी.

डॉक्टर बोलायला चांगले होते. म्हणाले, “हा बरा होणारा कॅन्सर आहे. पण सोमवारी केमो सुरू करू, थांबायचं नाही. मूलबाळ आहे?”

“नाही,” मी म्हणाले.

“लग्नाला किती वर्षं झाली?”

“दीड.”

“मग आधी वीर्य साठवून ठेवा. या औषधानंतर पुढं मूल होईलच असं सांगता येत नाही. काहींना होतं, काहींना नाही होत.”

हणमंत पंख्याकडं बघत राहिले. मी लुगड्याचा काठ बघत राहिले. नवरा जगतो की मरतो ते ठरायचं असताना मला मूल हवं होतं. माझी मलाच लाज वाटली. आणि तरी हवं होतं.

कॅम्पात एक लॅब होती, तिथं असं गोठवून ठेवत. आम्ही शुक्रवारी गेलो. तिथल्या सोमण मॅडमनी त्यांना डबी दिली आणि एक खोली दाखवली. आत प्लॅस्टिकची खुर्ची आणि बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर, एवढंच. बाहेर बाकावर माणसं बसलेली. सगळ्यांना माहीत, आत गेलेला माणूस कशाला गेलाय. हणमंत बऱ्याच वेळानं बाहेर आले, डबी रिकामीच.

“जमत न्हाई,” ते माझ्या कानात म्हणाले. “भाईर माणसं खोकत्यात.”

सोमण मॅडमना याचं काही वाटलं नाही. त्यांनी हणमंतांना बाहेर बसायला सांगितलं, नवी सीलबंद डबी दिली आणि मला समजावलं. “घरी घ्या. पण तासाच्या आत माझ्याकडं पोचायला हवं. बर्फात ठेवायचं नाही, उन्हात धरायचं नाही. अंगाची ऊब लागते त्याला. बायका ब्लाउजमध्ये ठेवून आणतात.”

‘बायका’ म्हणाल्या, म्हणून मला धीर आला. म्हणजे माझ्या आधी कुणीतरी आणलं होतं.

तर तो शनिवार. रविवारी लॅब बंद. सोमवारी औषध.

सकाळची जेवणं झाल्यावर मी आत्याबाईंना म्हणाले, “मंडईतनं मेथी आणता का? ह्यांना मेथी खावीशी वाटतीय.”

“आत्ताच तर भाकरी खाल्ली त्येनं.”

“रात्रीला.”

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा कॉटकडं, आणि पिशवी उचलली. दाराबाहेर पाय टाकता टाकता म्हणाल्या, “चांगली बघून आणते. येळ लागंल.”

मी दार लावलं. पिशवीतली डबी काढून हणमंतांच्या हातात दिली आणि मोरीत जाऊन उभी राहिले. नळ सोडला. बादली भरली, ओतली, परत भरली. आवाज हवा होता. तोवर दीड वर्ष मी त्या माणसाबरोबर संसार केलेला, आणि पाठ करून उभी होते, परक्या बाईसारखी. त्यांनी हाक मारली तेव्हा डबी चादरीत गुंडाळून माझ्यापुढं धरली होती, मान खाली.

“बघू नको,” म्हणाले.

“न्हाई बघत.”

मी न बघताच ती खिशात घातली. बरोबर बसली.

रिक्षात मी डावा हात छातीवर दाबून बसले. खड्डा आला की दोन्ही हात. रिक्षावाला आरशातून बघत होता.

“ताई, छातीत दुखतंय का?”

“न्हाई.”

“घाबरू नका. मी नेतो लवकर. माझ्या मेव्हणीला असंच झालं होतं, गॅस निघाला.” आणि त्यानं हॉर्न वाजवत, सिग्नल मोडत मला असं नेलं की लॅबच्या दारात उतरताना मला त्याच्या तोंडाकडं बघवेना. तो ओरडून म्हणाला, “आत कुणी आहे का? पेशंट आहे!”

सोमण मॅडमनी डबी घेतली. मी बाकावर बसले. छातीवरची ती जागा अजून उबदार होती. मला आत कुठंतरी अभिमानच वाटत होता, खोटं कशाला सांगू.

थोड्या वेळानं त्यांनी आत बोलावलं.

“ह्यात काय टाकलंय?”

“काही न्हाई.”

“बघा.” त्यांनी काचेची पट्टी दिव्यासमोर धरली. तिच्यावर करडे कण होते. “राख आहे ही. एकही हलत नाहीये. सगळं मेलंय.”

मी डबीला नाक लावलं. असा विचारसुद्धा कधी केला नव्हता की मी तसल्या वस्तूला नाक लावीन. धूप, कापूर, शेणी.

“अंगारा,” मी म्हणाले.

“काय?”

“देवाचा अंगारा. भैरोबाचा. आमच्या सासूबाईंनी…”

“अहो, पण डबी सीलबंद होती ना?”

होती. पण आमच्याकडं नवं भांडं घरात रिकामं ठेवत नाहीत. हंडा आणला तर मूठभर तांदूळ टाकतात, डबा आणला तर गुळाचा खडा. मग आजारी माणसाच्या पिशवीतलं रिकामं भांडं आत्याबाईंना कसं बघवावं? त्यांनी येताना देवळातून अंगाऱ्याची पुरचुंडी आणली होती. थर्मासमध्ये टाकला, गोळ्यांच्या बाटलीत टाकला, उशीखाली ठेवला. कागदाची चिकटपट्टी सोडवून डबीतही चिमूटभर टाकला आणि पट्टी परत नीट चिकटवली. आम्ही दोघांनी कुठं बघितलं होतं? आम्ही तर डबीकडं बघायचंच नाही असं ठरवून बसलो होतो.

सोमण मॅडम घड्याळाकडं बघत म्हणाल्या, “आज परत आणा. चार-पाच तास जाऊ द्यात मध्ये. प्रमाण कमी असेल, पण काही नसण्यापेक्षा बरं. मी संध्याकाळपर्यंत थांबते.” त्यांनी मला दुसरी डबी दिली. “आणि ही तुमच्या हातून सोडू नका.”

घरी आले तेव्हा आत्याबाई गॅलरीत पाण्याच्या पिंपाशेजारी बसून मेथी निवडत होत्या. मी त्यांच्या बाजूनं तशीच आत गेले. हणमंतांनी माझा चेहरा बघितला.

“काय झालं?”

मी हळू आवाजात सांगितलं. ते हसतील की चिडतील ते मला कळेना. दोन्हींतलं काहीच केलं नाही त्यांनी. परत भिंतीकडं वळले.

“जाऊ दे,” म्हणाले. “नसंल नशिबात.”

“असं कसं? संध्याकाळी परत—”

“आता न्हाई. एकदा केलं तेच…” ते थांबले. मग भिंतीला सांगितल्यासारखं बोलले. “आणि उद्या मला काय झालं तर तुझ्या गळ्यात कशाला? तू बावीस-तेवीसची हायस. मोकळी ऱ्हा.”

“मला मोकळं ऱ्हायचं न्हाई.”

“मला काय सांगतीस. मी आता निम्माच हाय.”

मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. त्यावर काय बोलायचं ते आता किती तरी सुचतं.

मी गॅलरीत आले. दुपारी तिथं फारसं कुणी नसायचं, बायका आत पडलेल्या असत. आत्याबाईंच्या पुढ्यात बसले आणि मेथीची जुडी हातात घेतली, म्हणजे बघायला काहीतरी राहील.

“आत्याबाई, त्या डबीत अंगारा तुम्ही टाकला?”

“टाकला की. आजाऱ्याच्या पिशवीत रिकामं भांडं ठिवत्यात व्हय?”

“ती तपासायची होती.”

“लघवीची?”

“न्हाई.”

“थुकीची?”

“न्हाई.”

त्यांचा हात थांबला. “मग?”

माझे कान तापले. तोंडात शब्दच नव्हता. डॉक्टरांचा शब्द त्यांना कळला नसता, आणि त्यांना कळणारा शब्द मी सासूसमोर उच्चारणं म्हणजे… माझ्या आईनं मला विहिरीत ढकललं असतं.

“सोमवारी औषध सुरू झालं की,” मी मेथीला म्हणाले, “मग पुढं लेकरू होईल का न्हाई ते सांगता येत न्हाई म्हणाले. म्हणून आधीच ठेवून घेत्यात. थंड करून.”

“काय ठेवून घेत्यात?”

“ह्यांचं.”

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आत्याबाईंनी हातातली काडी जमिनीवर ठेवली.

“आन् मी त्यात राख टाकली,” त्या म्हणाल्या.

अंगाऱ्याला राख म्हणताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं.

“तुम्हाला काय ठाऊक,” मी घाईघाईनं म्हणाले. “आम्हीच हार्निया सांगितलं. आमचंच चुकलं.”

“हार्निया न्हाई ते मला आल्या दिशीच कळलं. त्येची धुणी कोण धुतंय? मीच न्हवं?” त्या माझ्याकडं न बघता बोलत होत्या. “ह्येच्या बालाबी ह्येच झालं हुतं.”

सासरे मी फोटोतच बघितले होते. फेटा, मिशा, गळ्यात हार. पोटाच्या दुखण्यानं गेले, असं आमच्या घरात सांगत.

“धोतर नेसायची ढब बदलली त्येंची,” आत्याबाई म्हणाल्या. “कासोटा ढिला सोडायला लागलं. बैलगाडीत बसताना कुशीवर बसायचं. मी धुणं न्यायचे नदीवर, मला धोतरावरनं कळायचं. बाईला कळतंच की गं. हणमा तवा तिसरीत आन् सर्जा मांडीवर. म्या इचारलं न्हाई. बाईनं काय इचारायचं, कसं इचारायचं? त्येंनी सांगितलं न्हाई. तेल गरम करून द्यायचे मी, कशाला म्हणून बोलायचे न्हाई. दार लावून घ्यायचं ते. मेल्यावर आंघोळ घालताना गड्यांनी बघितलं. भाईर येऊन कुणी सबूद काढला न्हाई. चुलतदीर एवढंच म्हणलं, ‘लई सोसलं त्येंनी, वैनी.’”

मी नुसतीच मेथी खुडत राहिले. मला भीती होती, मी बोलले तर त्या गप्प होतील.

“हितं आले, धुणं हातात घेतलं, तवाच वळखलं. वाटलं इचारावं. पर लेकाला काय इचारू? बायको हुते तवा इचारलं न्हाई, आता आई होऊन इचारू? मग म्हणलं देव हाय. टाकला अंगारा सगळ्यात.”

त्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकून उठायच्या त्या, त्या दिवशी तशाच उठल्या. खोलीत गेल्या. मी मागोमाग.

“हणमा. ऊठ.”

हणमंत उठून बसले.

“मला समदं सांगितलंय हिनं.”

हणमंतांनी माझ्याकडं बघितलं. तशी नजर मला पुन्हा बघायची नाही. भर चौकात उघडं पडल्यासारखी.

“आये…”

“आये न्हाई आन् बाये न्हाई. ती म्हणती तसं कर. तुझा बा असाच भिताडाकडं तोंड करून निजायचा.” त्यांनी पिशवीतली आणि उशीखालची, अशा अंगाऱ्याच्या दोन्ही पुरचुंड्या काढल्या, कनवटीला खोचल्या आणि बाहेर पडल्या. “मी दारात हाय. कुणी येत न्हाई.”

दार ओढलं गेलं. आणि बाहेरून कडी लागली.

आम्ही दोघं त्या कडीकडं बघत राहिलो. दिवसाढवळ्या सासूनं आम्हाला कोंडून घातलं होतं, आणि कशासाठी ते तिला माहीत होतं. जमीन दुभंगावी, असं वाचलं होतं पुस्तकात. ती कुठं दुभंगते. सिमेंटची होती. मी कॉटच्या कडेवर बसले. हणमंत डोळे मिटून बसले. तास-दीड तास असाच गेला. बाहेर मेथी निवडल्याचा आवाज येत नाही, पण मला तो येत होता.

मग शेजारच्या बनसोडे वहिनींचं दार उघडलं.

“आजी, उन्हात का बसलाय? आत जा की.”

“आत पूजा हाय,” आत्याबाई.

“अगं बाई, कसली?”

“हाय आमच्याकडची एक. जोडप्यानं करत्यात.”

“दार लावून?”

“दार लावूनच करत्यात.”

हणमंतांनी डोळे उघडले.

“मला वाटीभर साखर हवी होती,” वहिनी म्हणाल्या. “चहा टाकलाय.”

“साखर पूजेत हाय.”

“सगळी?”

“समदी. आन् चहापूडबी.”

माझ्या तोंडातून काहीतरी फुटलं. मी पदराचा बोळा दाबला. हणमंतांचे खांदे हलायला लागले. “हसवू नको,” ते म्हणाले, “टाके…” आणि मग टाक्यावर हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ऑपरेशनच्या आधीपासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. हसता हसता रडायला लागले. मी त्यांचं डोकं धरलं. सकाळी मी मोरीत उभी होते. आता गेले नाही.

पुढचं लिहीत नाही. एवढंच लिहिते, की त्यांनी मला ‘बघू नको’ म्हटलं नाही, आणि मी बघितलं. टाक्यांची रेघ, सुजलेली जागा, आणि जे उरलं होतं ते. मला वाटलं होतं मला कसंसंच होईल. झालं नाही. माझ्या माणसाचं होतं ते सगळं.

मी आतून दार वाजवलं. “आत्याबाई, उघडा.”

कडी निघाली. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं नाही, छातीकडंही नाही. “खाली रिक्षा उभी केलीया,” त्या म्हणाल्या. “बनसोडीणीच्या लेकीला पाठवून आणली. चल, मीबी येते.”

रिक्षात त्या माझ्या डावीकडं बसल्या. मे महिन्याचं ऊन होतं, आम्ही दोघी घामानं निथळत होतो. पण लॅब येईपर्यंत त्यांनी स्वतःच्या पदराचा शेव माझ्या छातीवर टाकून वरून हात धरून ठेवला. “ऊब जायला नगं,” म्हणाल्या. रिक्षावाल्याला मात्र ओरडल्या, “दमानं रं, बाळतीण बसलीया.” बाळंतपण कसलं, मला अजून दिवससुद्धा गेले नव्हते.

सोमण मॅडम थांबल्या होत्या. डबी घेऊन आत गेल्या. आम्ही बाकावर बसलो. शेजारी एक सुटातला माणूस वर्तमानपत्र धरून बसला होता, उलटं नव्हतं धरलं एवढंच. आत्याबाईंनी त्याला विचारलं, “तुमचंबी ह्येच हाय का?” तो पेपर घेऊन दुसऱ्या बाकावर गेला.

मॅडमनी दार उघडून आम्हाला आत घेतलं. “आहेत,” त्या म्हणाल्या. “थोडे आहेत, पण हालचाल चांगली आहे. भागेल.” मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, “बघायचंय?”

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी नुसताच उजेड दिसला, मग उजेडात ते दिसले. इतके बारीक, इतके घाईत. एकमेकांवर आपटत, वाट काढत, कुठं जायचं ते माहीत असल्यासारखे. परक्या बाईसमोर मी नवऱ्याचं हे बघत होते. मान वर करायची लाज वाटत होती, आणि डोळा काढवत नव्हता.

“सरक, मला दाव,” आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एक डोळा हातानं मिटला आणि वाकल्या. 

“बेडकाच्या पिलांवानी हायत की,” त्या म्हणाल्या. “जित्ती हायत?”

“जिवंत आहेत, आजी.”

“आता ह्यात कोण काय टाकणार न्हाई न्हवं?”

“नाही, आता कुलपात.”

“कुलपातच ठिवा,” त्या म्हणाल्या. “माझ्यासारखी कुणीबी येती.”

पुढचं इथंच सांगून टाकते. औषधं हणमंतांना सोसली. केस गेले, भुवया गेल्या, आले परत. ते अजून आहेत, आता खांबावर चढत नाहीत, ऑफिसात बसून दुसऱ्यांना चढवतात. कुलपातलं तीन वर्षांनी काढलं. पहिल्या खेपेला राहिलं नाही. दुसऱ्या खेपेला राहिलं. मुलगी कॉलेजात आहे. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. लिहिणं बोलण्यापेक्षा सोपं आहे, म्हणून लिहितेय. वाचेल तेव्हा वाचेल आणि आईची लाज वाटली तर वाटेल.

पण मला सांगायचं होतं ते त्या शनिवारच्या संध्याकाळचं.

लॅबमधून परत आलो, तर आत्याबाई खोलीकडं वळायच्या सोडून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडं चालायला लागल्या.

“गावाकडं फोन लाव,” मला म्हणाल्या. “घाडग्यांच्या दुकानात. सर्जाला बोलवाया सांग.”

गावात तेव्हा दोनच फोन होते, एक ग्रामपंचायतीत आणि एक घाडगेमामांच्या किराणा दुकानात. मी नंबर फिरवला, निरोप दिला, थोडं थांबून परत लावला. सर्जेराव धापा टाकत आले असावेत. मी रिसीव्हर आत्याबाईंना दिला आणि बाहेर उभी राहिले. केबिनचं दार नीट लागत नव्हतं. बाहेर पाचसहा माणसं रांगेत होती, शनिवार म्हणून गावी फोन करणारी.

आत्याबाईंचा समज असा, की गाव जेवढं लांब तेवढं मोठ्यानं बोलावं लागतं.

“सर्ज्या! आय बोलती! दादा बरा हाय. तू आधी ऐक. तुझी आंडं चाचपून बघ.”

रांगेतल्या माना केबिनकडं वळल्या.

“आंडं! आंडं! काय म्हणजे काय? दोन्ही. हातानं. गाठ लागती का, येक जड झालंय का, दगडावानी लागतंय का. तुझ्या बाला हुतं, दादाला निघालं, आता तुजं बघ.”

बूथवाला पोरगा मीटरकडं टक लावून बसला. रांगेतल्या एका पोट सुटलेल्या माणसानं खिशात हात घातला आणि काढला. माझं तोंड कुठं लपवावं ते मला कळेना, आणि तरी मी जागची हलले नाही.

“आत्ता! घरी जाऊन न्हाई, आत्ता. दुकानामागं मोरी हाय, तितं जा. लाजतोस कुणाला? तुझा बा लाजला! जा. मी फोन धरून उभी हाय.”

आणि त्या उभ्या राहिल्या. रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला धरून, काचेकडं बघत. मीटर पळत होतं. रांगेतलं कुणी ‘आटपा’ म्हणालं नाही.

मग त्यांची मान हलली.

“न्हाई? नीट बघितलं? दोन्हीबी सारखी?” त्यांनी एक हात कानावरून काढला आणि केबिनच्या भिंतीला टेकवला. “बरं. म्हयन्याच्या म्हयन्याला बघत जा. आता फोन ठिवू नगं. घाडगेमामांच्या हातात दे. त्येंचीबी दोन पोरं हायती.”